सिल्की कोंबड्या: खुराड्यापासून प्रदर्शनाच्या पिंजऱ्यापर्यंत, क्रमाने

सिल्की पाळणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. अंडी उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली आणि सातव्या दिवशी उजेडावर धरली, तर सगळी कोरी, म्हणजे फलित न झालेली. पांढरा कोंबडा प्रदर्शनासाठी धुतला, तरी पिवळटच दिसला. चांगली धडधाकट तलंग (तरुण कोंबडी) एका सकाळी मान पोटाखाली घालून उलटी चालू लागली. अशा वेळी जो तो मशीनला, शांपूला नाहीतर नशिबाला दोष देतो. चूक मात्र बहुतेक वेळा दोन-तीन टप्पे आधीच झालेली असते. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधलाच टप्पा उचलून उपयोग नाही.

या लेखात तुरा म्हणजे डोक्यावरचा मांसल भाग आणि झुबका म्हणजे त्यामागचा पिसांचा गोळा. खरेदीच्या बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यामुळे विकणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते विचारून घ्या.

## टप्पा १: पक्ष्याआधी घर

साध्या पिसाच्या धाग्यांना सूक्ष्म आकड्या असतात. त्या एकमेकींत अडकून पिसाचा सलग पडदा तयार होतो. सिल्कीच्या पिसांना या आकड्या नाहीत, म्हणून पाणी थेट कातडीपर्यंत पोचतं आणि पक्ष्याला उडताही येत नाही. घराची सगळी आखणी या दोन गोष्टींवरून ठरते.

जागा. आत प्रत्येक पक्ष्याला किमान ४ चौरस फूट, बाहेरच्या जाळीबंद अंगणात ८ ते १० चौरस फूट. अंगणाचा निम्मा भाग तरी छपराखाली हवा आणि जमीन आजूबाजूपेक्षा उंच हवी. पावसाचं पाणी आत साचणार असेल तर बाकीची तयारी फुकट जाते.

गादी. भाताचं तूस किंवा रंध्याचा जाड भुसा, ३ ते ४ इंच. करवतीचा बारीक भुगा नको. तो डोळ्यांत जातो आणि ओला झाला की पायांच्या पिसांत घट्ट बसतो.

तपासणी: गादीचा मूठभर भाग दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, सुटून पडला तर ठीक. मग उकिडवे बसा आणि कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा अमोनियाचा वास आला तर हवा पुरेशी खेळत नाही. उभ्याने घेतलेला वास इथे काही सांगत नाही. हवेसाठी झरोके ठेवायचे ते पक्ष्यांच्या डोक्यापेक्षा वर, म्हणजे झोत अंगावर येत नाही.

दांडी आणि घरटं. बसायची दांडी जमिनीपासून ६ ते १२ इंचांवर, रुंद आणि सपाट. बऱ्याच सिल्की दांडीवर चढतच नाहीत, कोपऱ्यात एकमेकींना चिकटून झोपतात. त्यांच्याशी झगडत बसू नका, तो कोपरा रोज साफ करा. अंडी घालायची पेटी जमिनीलगत ठेवा.

पाणी. पसरट भांडं ठेवलं की दाढी (चोचीखालची पिसं) आणि झुबका दिवसभर ओले, त्यात दाणा चिकटलेला आणि शेवटी डोळ्यांना संसर्ग. निप्पलचं भांडं लावा किंवा अरुंद कडेचं भांडं पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर टांगा.

जाळी. अर्ध्या इंची वेल्ड जाळी. षटकोनी कोंबडी-जाळीने कोंबड्या आत राहतात, पण मुंगूस आणि उंदीर बाहेर राहत नाहीत.

इशारा: सिल्कींना मोठ्या, आक्रमक जातींबरोबर ठेवू नका. पुष्कळ सिल्कींची कवटी वर घुमटासारखी फुगलेली असते आणि त्या घुमटात हाड पूर्ण मिटलेलं नसतं. तिथे बसलेली एक चोच थेट मेंदूला इजा करू शकते. झुबक्यामुळे त्यांना मागून आणि वरून येणारा हल्ला दिसतही नाही.

## टप्पा २: पक्षी हातात घेऊन निवडणं

आधी तुम्ही ज्या प्रदर्शनात उतरणार त्याचं मानक मिळवा. हे अनेक जण पक्षी घेतल्यावर करतात. अमेरिकी मानकात सिल्की बँटम (लहान चणीच्या) गटात येते आणि पूर्ण वाढलेला कोंबडा साधारण १ किलोचा, कोंबडी ९०० ग्रॅमची अपेक्षित असते. ब्रिटिश मानकातल्या मोठ्या सिल्कीचा कोंबडा सुमारे १.८ किलोपर्यंत आणि कोंबडी १.३६ किलोपर्यंत जाते. शिवाय तिथे बँटम सिल्की हा वेगळा गट आहे. एका मानकासाठी घडवलेला देखणा पक्षी दुसरीकडे पहिल्या फेरीतच बाद होऊ शकतो.

मग पक्षी हातात घ्या आणि या क्रमाने पाहा.

1. पाय. प्रत्येक पायाला पाच बोटं. चौथं आणि पाचवं एकमेकांपासून सुटं, पाचवं वर वळलेलं. एका पायाला पाच आणि दुसऱ्याला चार असणारे पक्षी विकायला येतात, म्हणून दोन्ही पाय मोजा.
2. कातडी. छातीची पिसं फुंकर मारून बाजूला करा. कातडी काळपट-निळी दिसायला हवी, गुलाबी नको.
3. तुरा. अक्रोडासारखा गाठाळ आणि गडद तुतीच्या रंगाचा. उभा, दातेरी तुरा म्हणजे सरळ नकार. लालभडक तुरा प्रदर्शनात चालत नाही.
4. पंख. पंख पूर्ण उलगडा. बाहेरची लांब पिसं आणि आतली पिसं यांच्यात रिकामी फट दिसली तर तो फाटका पंख. हा दोष वारशाने येतो आणि मिटलेल्या पंखात अजिबात दिसत नाही. बहुतेक लोक ही तपासणी करतच नाहीत.
5. टाच. पायाच्या मागच्या सांध्यापाशी ताठ पिसं खाली-मागे रोखलेली दिसली तर दोष. तिथली पिसं मऊ हवीत.
6. ठेवण. पाठ आखूड आणि रुंद, शेपटीकडे चढत जाणारी. शेपूट एका बाजूला कललेली नसावी. चोच वरखाली नीट जुळावी.

झुबक्याचा आकार सगळ्यात शेवटी बघा. खरेदीला गेलेला माणूस पहिल्यांदा तोच बघतो आणि तिथेच फसतो.

नवे पक्षी ३० दिवस वेगळे. वेगळे म्हणजे दुसऱ्या छपराखाली, वेगळ्या भांड्यांसह. एकाच खोलीतल्या दुसऱ्या पिंजऱ्याला विलगीकरण म्हणत नाहीत. त्यांना जन्मतः मॅरेक्सची (गाठी आणि लुळेपणा आणणाऱ्या रोगाची) लस दिली होती का, हे विचारून लिहून ठेवा. सिल्की या रोगाला विशेष बळी पडतात.

## टप्पा ३: जोड्या लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वर्षभराचं बरंवाईट या टप्प्यावर ठरतं, आणि नेमका हाच टप्पा अनेक जण कोंबडा सगळ्या कोंबड्यांत सोडून उरकतात.

रेशमी पीस हा अप्रभावी गुण आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो दिसतो. साध्या पिसांच्या जातीशी संकर केला तर पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं साध्या पिसांची निघतात. पाच बोटं आणि काळी कातडी मात्र संकरातही बऱ्याचदा उतरते. त्यामुळे पाच बोटं म्हणजे अस्सल सिल्की, या दाव्यावर विश्वास ठेवू नका.

रंग. निळ्यावर सगळ्यांचा जीव असतो आणि सगळ्यात गोंधळही तिथेच. निळा म्हणजे रंग फिका करणाऱ्या जनुकाची एक मात्रा, स्प्लॅश (पांढुरक्यावर निळे-काळे शिंतोडे) म्हणजे दोन, काळा म्हणजे शून्य. यावरून असं निघतं:

- निळा आणि निळा: सरासरी निम्मी पिल्लं निळी, चौथा हिस्सा काळी, चौथा हिस्सा स्प्लॅश.
- निळा आणि काळा: निम्मी निळी, निम्मी काळी.
- काळा आणि स्प्लॅश: सगळी निळी.

निळी पिल्लं हवी असतील तर चांगला काळा आणि चांगला स्प्लॅश शोधा. दोन्ही बऱ्याचदा निळ्यापेक्षा सहज मिळतात. वरचे हिस्से सरासरीचे आहेत. आठ पिल्लांच्या एका उबवणीत ते जुळले नाहीत म्हणून विकणाऱ्याशी भांडू नका.

पांढरा रंग पांढऱ्याशीच जोडा. सिल्कीचा पांढरा बहुधा अप्रभावी असतो आणि त्याखाली कोणता रंग झाकला आहे ते बाहेरून कळत नाही. रंगीत पक्ष्याशी जोडला की काहीही बाहेर येतं. बफ (सोनेरी-बदामी) आणि पार्ट्रिज (तित्तिरासारखा तपकिरी) हेही आपापल्या रंगातच ठेवा. दाढीवाले आणि बिनदाढीचे यांची जोडी लावली तर अर्धवट दाढीची पिल्लं निघतात, ती धड या गटात बसत नाहीत, धड त्या.

दोष. एका पक्ष्यात जो दोष आहे तो जोडीदारात नसावा, एवढं अनेकांना माहीत असतं. पण मग ते उलट्या दोषाचा जोडीदार शोधतात. पाठ फार लांब असलेल्या कोंबडीला शेपूट जवळजवळ मानेवर आलेला कोंबडा देतात. यातून मधली पिल्लं निघत नाहीत, दोन्ही दोष वाटले जातात. दोषाला उतारा म्हणून त्या जागी निर्दोष असलेला पक्षीच द्या. फाटका पंख आणि वाकडी चोच यांना तर उताराही शोधू नका, ते पक्षी पैदाशीतून काढा.

संख्या आणि वाट पाहणं. एका कोंबड्यामागे ४ ते ६ कोंबड्या. कोंबडा बदलत असाल तर जुना काढल्यावर ३ आठवडे थांबा, कारण कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं वीर्य टिकून राहतं. नवा कोंबडा सोडल्यावर ७ ते १० दिवसांनी अंडी गोळा करायला लागा.

नोंद. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची रिंग आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने जोडीचा क्रमांक व तारीख. पायांच्या पिसांत रिंग दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा चाचपून पाहा, घट्ट झाली असेल तर बदला. बापाशी मुलगी किंवा सावत्र भावंडं अशा जोड्या जाणकार लोक विचारपूर्वक लावतात. सख्खी भावंडं पिढ्यानपिढ्या जोडत गेलात तर आधी अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरतं, मग आकार.

## टप्पा ४: अंडी फलित आहेत ना?

सिल्कीच्या गुदद्वाराभोवती पिसांचा इतका गच्च गुच्छ असतो की संग झाला तरी वीर्य पोचत नाही. जोडी लावायच्या दिवशीच कोंबडा आणि कोंबडी दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने आखूड करा, चारी बाजूंनी साधारण इंचभर. कातडीला चिकटून कापू नका. निळसर, रक्त भरलेली नवी पिसं दिसली तर ती सोडा.

कोंबड्याच्या डोळ्यांवर येणारी झुबक्याची पिसं कापा किंवा मऊ रबरने मागे बांधा. ज्याला कोंबडी दिसत नाही तो तिच्यावर चढणार कसा? कापलेलं पीस पुढच्या पीसगळीपर्यंत वाढत नाही. यामुळे पैदाशीचा पक्षी आणि प्रदर्शनाचा पक्षी त्या हंगामापुरते वेगळे ठेवावे लागतात. दोन्ही कामं एकाच पक्ष्याकडून घ्यायची असतील तर आधी प्रदर्शन, मग कात्री.

तपासणी: मशीन भरण्याआधी प्रत्येक जोडीची दोन-तीन अंडी फोडून बशीत घ्या. पिवळ्यावर एक पांढुरका ठिपका दिसेल. तो सुमारे ४ मिलिमीटरचा, कडेला स्पष्ट गोल कडं असलेला दिसला तर अंडं फलित. लहान, घट्ट आणि वेड्यावाकड्या कडेचा ठिपका म्हणजे कोरं अंडं. सगळी कोरी निघाली तर कात्रीकडे परत जा. मशीन भरू नका.

खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं पुरतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्यांना हवा त्या कोंबड्या खातील. जास्त कॅल्शियमचं लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) नरांना आणि वाढत्या पिल्लांना नको.

## टप्पा ५: अंडी उबवणं

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, धुऊ नका, निमुळतं टोक खाली ठेवून १५ ते १८ अंशांत साठवा. ७ दिवसांपर्यंत ठीक. त्यापुढे प्रत्येक दिवशी पिल्लं कमी निघतात. प्रवासातून आलेली अंडी २४ तास तशीच उभी, हलवल्याशिवाय ठेवा.

### कोंबडीखाली

सिल्कीइतकी खुडूक (अंडी उबवायला ठाण मांडून) बसणारी जात विरळा. पण पेटीत बसलेली प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. हात नेला की ती फुगते, गुरगुरते, छातीची पिसं उपटते आणि दिवसातून एकदाच उठून मोठा, दुर्गंधी लेंडा टाकते, हे दोन-तीन दिवस खोट्या अंड्यांवर बघा. मग रात्रीच्या अंधारात तिला स्वतंत्र, शांत जागी हलवून खरी अंडी द्या. स्वतःची ६ ते ८, मोठ्या जातीची ४ ते ५. त्याआधी अंगावर उवा नाहीत ना ते पाहा, कारण अंड्यांवर बसलेली कोंबडी धुळीत लोळायला जात नाही आणि उवा तीन आठवड्यांत तिला पार पोखरतात. दोन खुडूक कोंबड्यांना एक घरटं देऊ नका. त्या अंडी एकमेकींकडे ओढतात आणि मधली गार होतात.

इशारा: पोटाखालची आणि पंखांखालची लांब लव अंडी देण्यापूर्वीच कापून आखूड करा. ही लव पिळून तिचा बारीक दोरा होतो. पिल्लू आईखालून बाहेर येताना तो मानेला किंवा पायाला गुंडाळला जातो आणि आई उठली की पिल्लू लटकतं. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ आईला उचलून खालून बघा.

### मशीनमध्ये

अंडी भरण्याआधी मशीन २४ तास रिकामं चालवा आणि तापमान दुसऱ्या थर्मामीटरने पडताळा. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजून ३८.५ च्या आसपास. आर्द्रता पहिले १८ दिवस ४५ ते ५० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०.

स्वस्त आर्द्रतामापकावर मात्र फार विसंबू नका, वजन जास्त खरं सांगतं. १८व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२ ते १३ टक्क्यांनी घटायला हवं. ३६ ग्रॅमचं अंडं तोवर साडेएकतीस ग्रॅमच्या जवळ यावं. दर आठवड्याला पूर्ण ट्रे तोला. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा. घट कमी राहिली की हवेची जागा लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. एकविसाव्या दिवशी मशीन उघडून रडणाऱ्यांची गोष्ट बहुतेक हीच असते.

हाताने फिरवत असाल तर दिवसातून ३ किंवा ५ वेळा, म्हणजे विषम वेळा. तसं केलं की रात्रीचा लांब काळ रोज एकाच बाजूवर जात नाही. ७ आणि १४व्या दिवशी उजेडावर बघून कोरी आणि मेलेली काढा. १८व्या दिवशी फिरवणं बंद, झाकणही बंद. लहान अंडी कधी विसाव्या दिवशीच फुटतात. टोच मारल्यावर पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास घेऊ शकतं. या वेळात ते उरलेलं पिवळं आणि रक्त आत ओढून घेत असतं. मदतीच्या उत्साहात कवच सोललंत तर रक्तस्राव होतो.

## टप्पा ६: पहिले आठ आठवडे

पिल्लांच्या पातळीवर मोजून पहिल्या आठवड्यात ३५ अंश, नंतर दर आठवड्याला ३ अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. दिव्याखाली ढीग म्हणजे थंडी, कडेला पंख पसरून चोच उघडी म्हणजे उष्मा. जमीन खरखरीत हवी. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. पाण्याच्या भांड्यात खडे टाका.

मॅरेक्सची लस पहिल्या २४ तासांत, मानेमागे कातडीखाली. कालवलेली लस तास-दोन तासांत संपवायची, उरलेली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी टोचली तर नुसतं पाणी टोचलं असं समजा. संरक्षण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर पिल्लं मोठ्या पक्ष्यांच्या धुळीपासून दूर हवीत. ब्रूडर (पिल्लांची उबदार पेटी) मोठ्या खुराड्यातच ठेवणारे लस देऊनही पक्षी गमावतात. ही लस गाठी आणि लुळेपणा रोखते, संसर्ग रोखत नाही, त्यामुळे लस घेतलेला पक्षीही रोग पसरवू शकतो. राणीखेतची लस पशुवैद्यकाच्या वेळापत्रकाप्रमाणे.

रक्ती हगवण साधारण ३ ते ६ आठवड्यांत येते. पिल्लू पंख सोडून, मान आखडून बसलं आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी अँप्रोलियम पाण्यातून, वैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत. ओली गादी बाहेर.

वाकडी मान. मान वळली की लोक लगेच मानमोडी म्हणजे राणीखेत समजून पक्षी संपवतात. सिल्कीत डोक्याला लागलेला मार, ई जीवनसत्त्व व सेलेनियमची कमतरता किंवा बी-१ ची कमतरता यांनीही मान वळते. एकच पक्षी, घरघर नाही, हिरवट हगवण नाही, बाकी कळप ठणठणीत, तर उपचार करून बघण्यासारखा आहे:

1. मऊ कपड्याने भरलेल्या लहान खोक्यात एकटं ठेवा, म्हणजे उलटं पडून पुन्हा डोकं आपटणार नाही.
2. हाताने भरवा. पाणी चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने द्या, नाहीतर ते फुप्फुसात जातं.
3. ई जीवनसत्त्व आणि बी-कॉम्प्लेक्स. सेलेनियम वैद्यकाने ठरवलेलंच द्या, थोडं जास्त झालं तरी विषारी.
4. काही आठवडे धीर धरा.

इशारा: अँप्रोलियम परजीवींना बी-१ मिळू न देता मारतं. ते चालू असताना बी-१ दिलं तर औषध निष्प्रभ होतं, आणि ते लांबवलं तर पिल्लालाच बी-१ कमी पडू शकतं. दोन्ही एकदम देऊ नका.

एकाहून जास्त पक्षी वाकले किंवा एक पाय पुढे आणि एक मागे पडला, तर घरगुती उपचार बंद आणि वैद्यक.

## टप्पा ७: कोण राहणार, कोण जाणार

पहिल्या दिवशी बोटं आणि चोच तपासून दोषी पिल्लांना खूण करा. दोन महिन्यांना पंख आणि टाच. झुबका, ठेवण आणि रंग यांचा निर्णय ५-६ महिन्यांआधी घेऊ नका. तीन महिन्यांची सिल्की फारच विचित्र दिसते आणि त्या वयात काढून टाकलेली पिल्लं दुसऱ्याकडे बक्षीस घेताना दिसतात.

नर-मादी ओळखायला ४ ते ६ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. नराच्या झुबक्यातून लांब पिसं मागे सुटतात, तुरा आणि गळ्याखालचे लोलक वाढतात. मादीचा झुबका गोल राहतो. दोन महिन्यांची ‘खात्रीची जोडी’ विकणारा अंदाजच विकत असतो. घाई असेल तर पिसावरून डीएनए चाचणी करता येते.

## टप्पा ८: प्रदर्शनाची तयारी

दोन महिने आधी. पांढरे पक्षी कडक उन्हातून काढून सावलीत घ्या आणि मका कमी करा. ऊन आणि मका दोन्हींनी पिसांवर पिवळी झाक चढते, ती धुऊन जात नाही. काळ्या पक्ष्यांना उन्हाने तांबूस छटा येते. तुटलेलं पीस काढायचं असेल तर आत्ताच, कारण उपटलेलं पीस परत यायला ६ ते ८ आठवडे लागतात. पायांवरचे खवले उचललेले, खडबडीत दिसले तर खवल्यातले माइट्स आहेत. पायांच्या पिसांमुळे ते उशिरा कळतं. पेट्रोलियम जेली चोळून माइट्स गुदमरवता येतात, पण काही आठवडे लागतात.

दोन आठवडे आधी. रोज थोडा वेळ प्रदर्शनासारख्या पिंजऱ्यात ठेवा, दारातून हात घालून उचला, पंख उलगडा, परत ठेवा. परीक्षकाच्या हातात फडफडणाऱ्या पक्ष्याची ठेवण दिसतच नाही.

दोन-तीन दिवस आधी: आंघोळ. आदल्या रात्री धुतलात तर पिसं नीट फुलायला वेळ मिळत नाही. आठवडाभर आधी धुतलात तर पक्षी पुन्हा मळतो.

1. आधी नखं आणि चोचीचं टोक कापा. रक्त आलं तर आंघोळीत धुतलं जाईल. पायांची बोटं कोमट पाण्यात भिजवून मऊ टूथब्रशने घासा.
2. तीन टब, तिन्हींत मनगटाला कोमट लागेल असं पाणी. पहिल्यात सौम्य शांपू, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात थोडा व्हिनेगर टाकलेलं पाणी.
3. पक्षी मानेपर्यंत बुडवा. एक हात कायम छातीखाली. कोमट पाण्यात पक्षी इतके सैल पडतात की झोपेत मान पाण्यात टेकवतात.
4. पिसाच्या दिशेने, वरून खाली दाबत फेस पोचवा. उलटं चोळलं तर धागे गुंततात. झुबका आणि दाढी ओल्या कापडाने, नाकपुड्या वाचवून.
5. विसळताना हात राखून चालत नाही. साबण राहिला की सुकलेली पिसं चिकट झुपक्यांत राहतात आणि माणूस दोष ड्रायरला देतो. पाणी निवळ होईपर्यंत विसळा, मग व्हिनेगरचं पाणी.
6. पांढऱ्या पक्ष्याला नीळ घालायचीच असेल तर शेवटच्या पाण्यात थेंबभर, आणि आधी पोटाखालच्या पिसांवर बघून. निळसर सिल्की पांढऱ्याच्या गटात हास्यास्पद दिसते.
7. टॉवेलने टिपा, पुसू नका. मग ड्रायर, कमी उष्णतेवर, हाताने पिसं उचलत मुळांपर्यंत. तासाहून जास्त लागतो.

तपासणी: वरून पक्षी कापसासारखा सुका वाटतो तेव्हाही आत ओल असते. पंखांखाली, मांड्यांमध्ये आणि पोटावर फुंकर मारून कातडी बघा, बोट टेकवा. गार लागली तर अजून ओली आहे. त्या अवस्थेत रात्री सोडलेला पक्षी आजारी पडू शकतो. आजारी किंवा अंड्यांवर बसलेली कोंबडी धुऊ नका.

धुतल्यावर स्वच्छ रंध्याच्या भुशावर, एकेकटं ठेवा.

## टप्पा ९: प्रदर्शन आणि परतीनंतर

प्रवेश अर्ज भरताना गट नीट निवडा. वर्षाच्या आतले नर व माद्या आणि वर्षावरचे कोंबडे व कोंबड्या असे गट सहसा वेगळे असतात. दाढी आणि रंग यांचे गटही वेगळे. चुकीच्या गटातला उत्तम पक्षी बादच होतो. परिसरात बर्ड फ्लूमुळे पक्ष्यांच्या वाहतुकीवर बंदी नाही ना, हे निघण्याआधी पाहा.

प्रत्येक पक्षी स्वतंत्र खोक्यात न्या. पिंजऱ्यात पाण्याची वाटी उंच टांगा, नाहीतर परीक्षक येईपर्यंत दाढी ओली. तुऱ्यावर आणि लोलकांवर जेलीचं अगदी पुसट बोट फिरवून लगेच पुसा. तेल ओघळून चेहऱ्याच्या पिसांवर आलं तर तिथे काही करता येत नाही.

घरी परतलेला पक्षी, बक्षीस मिळालेला असो वा नसो, २ ते ४ आठवडे वेगळा. त्याला दाणा-पाणी सगळ्यात शेवटी द्या, मग हात धुऊन चपला बदला. पहिल्या दिवशी गुदद्वाराभोवती आणि झुबक्याच्या मुळाशी उवा व त्यांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ बघा. काही दिसलं नाही तरी आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा, कारण पिसांच्या मुळाशी चिकटलेली अंडी तेवढ्या दिवसांत फुटतात आणि पहिल्या वेळी टाकलेली उवांची पावडर अंड्यांना मारत नाही. शिंक, डोळ्यांत फेस किंवा घरघर दिसली तर मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजा. प्रदर्शनातून विकत आणलेला पक्षीही याच जागेत ठेवू नका. त्याचे ३० दिवस वेगळे, तिसऱ्या ठिकाणी.